हलका केलेला चाप

सॉल्ट फोर्क, केंटकी
८ सप्टेंबर २००३

ती. मर्लदादास,
आर्डिथचा सा. न. वि. वि.

पाकीट बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. मागच्या रविवारी फोनवर मी तुझ्या गुडघ्याचं विचारलं आणि तू मला टोमॅटोला कीड लागल्याचं सविस्तर सांगितलंस. उजवा कान तर वेंडल लहान होता तेव्हाच गेलेला, आता डावाही त्याच वाटेने निघालेला दिसतो. इतकी वर्षं बंदुकांच्या दुकानात कानात कापूस न घालता उभं राहिल्यावर दुसरं काय होणार! म्हणून लिहिते आहे.

काम तुझ्याच धंद्यातलं आहे. परवा लेस्टरबाबांच्या खोऱ्यात त्यांच्या पायाची पट्टी बदलायला गेले होते. निघताना त्यांचा मधला मुलगा गाडीपुढे आडवा आला आणि दुखण्याच्या गोळ्या मागायला लागला. नर्स म्हणजे पिशवीत गोळ्यांचा साठा, असं या लोकांना वाटतं. माझ्याकडे गोळ्या नसतात हे तीनदा सांगितलं. त्याने दगड उचलून गाडीचा आरसा फोडला आणि पुढच्या वेळी पुढची काच फोडीन म्हणाला. दादा, या पोराला शाळेतली पहिली सुई मी टोचली होती. घरी आल्यावर अर्धा तास मी गाडीतून उतरूच शकले नाही. बासष्ट वर्षांची बाई, आणि स्टिअरिंग धरून बसून राहिले. कुणी बघितलं नाही हे नशीब.

तुझा वेंडल म्हणतो, आत्या, काम सोड. तुझी सून रोंडा म्हणते, ऑफिसला सांगून जोडीला कुणीतरी माग. ऑफिसला कळलं तर मला गावातल्या दवाखान्यात खुर्चीवर बसवतील, आणि खोऱ्यातल्या म्हाताऱ्यांकडे मग कोण जाणार? म्हणून मी रोज जवळ बाळगायला रिव्हॉल्व्हर घ्यायचं ठरवलंय. आठ तासांचा वर्ग करून आले, परवाना येईल. इथल्या दुकानदाराने मला बाईमाणूस म्हणून गुलाबी मुठीचं दाखवलं. मी म्हटलं, हे घेऊन काय बाहुलीच्या लग्नाला जाऊ? तर आता तूच सांग, कोणतं घेऊ. बोटांचे सांधे धरलेले असतात हे लक्षात घे.

टॅन्सी चार वर्षांची झाली. शनिवारी माझ्याकडे पॅनकेक खायला येते आणि मला आत्याआजी म्हणते. तुझ्या नातीचं नाक मात्र तुझ्यावर गेलंय, बिचारी.

कान गेले तरी माया जाऊ देऊ नकोस.
तुझी,
आर्डिथ

---

ड्राय वेल्स, अ‍ॅरिझोना
१६ सप्टेंबर

चि. आर्डिथ हिस,
अ. आ.

पत्र पोचलं. त्या पोराच्या कानाखाली वाजवायला मी तिथे असतो तर बरं झालं असतं. रोंडा बरोबर बोलते आहे. पण तू ऐकणार नाहीस, तेव्हा नीट वाच.

पिस्तूल नको. त्याचा वरचा भाग मागे ओढायला बोटांत जोर लागतो. रिव्हॉल्व्हरच घे, पाच काडतुसांचं, दोन इंची नळीचं, आणि काडतुसावर आपटणारा घोडा आत झाकलेला असेल असं, म्हणजे काढताना कापडात अडकणार नाही. दुकानदार पिसासारखं हलकं दाखवेल, ते घेऊ नकोस. खिशाला सुख देतं, पण हाताला गाढवासारखी लाथ मारतं. पोलादाचं घे. शिवाय जड असलं म्हणजे जवळ आहे याची आठवण राहते. गिऱ्हाईक हे कधी ऐकत नाही.

चाप जड लागेल. लागू दे. रिव्हॉल्व्हरला वेगळं कुलूप नसतं, तो जड चाप हेच त्याचं कुलूप. बंदूकवाला स्प्रिंग बदलून हलका करून देतो म्हणेल, त्याला हात लावू देऊ नकोस. बोटांत जोर येत नसेल तर रबरी चेंडू दाबत बस.

आणि ते कमरेला, चामडी म्यानात. पर्समध्ये नाही, कोटात नाही. जे आपण अंगावरून काढून कुठेही ठेवतो, त्यात ते ठेवायचं नाही. एवढं एक माझं ऐक. का, ते विचारू नकोस.

टोमॅटो गेले. नाक चांगलं आहे माझं.

सांभाळून राहा आणि आठवण ठेव.
मर्ल

---

सॉल्ट फोर्क
३ ऑक्टोबर

ती. मर्लदादास,
सा. न. वि. वि.

घेतलं! पोलादी, पाच काडतुसांचं, घोडा झाकलेला. दुकानदार म्हणाला, बाई, कुणीतरी जाणत्याने सांगितलेलं दिसतंय. मी म्हटलं, भावाने, तो सगळ्यांना सांगत असतो आणि कुणाचं ऐकत नाही.

आता दोन गोष्टी सांगते, त्या बसून वाच. आमच्या नर्सच्या पँटला इलॅस्टिक असतं. त्यात ते म्यान अडकवलं तर आजाऱ्यासमोर वाकताना पँटच खाली यायची वेळ आली. तेव्हा ते मी ड्वाइटच्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवते. तुला आठवतो ना तो, मेंढीच्या लोकरीच्या अस्तराचा? ड्वाइट गेल्यापासून थंडीत मी तोच घालते. खिसा खोल आहे, बाहेरून काही दिसत नाही. नवरा जिवंत असताना कधी एवढा उपयोगी पडला नव्हता, असं मी माझ्या मैत्रिणीला, ओपलला म्हटलं तेव्हा ती किती दिवसांनी हसली. तिचा नवरा हर्शेल आता फार दिवस काढणार नाही. रोज संध्याकाळी मी जाऊन येते.

दुसरी गोष्ट, चाप. चेंडू दाबून दाबून बोटं सुजली, पण चाप काही हलेना. शेवटी इथल्या माणसाकडून स्प्रिंग बदलून घेतली. आता लोण्यासारखा चालतो. सात पावलांवरून कागदी ताटलीवर पाचातल्या चार लागल्या! लेस्टरबाबांकडे दोनदा जाऊन आले. तो मुलगा ओसरीवर बसून नुसता बघत होता, आणि मी त्याच्यासमोरून सरळ चालत गेले. आता तर ते खिशात आहे हे मी विसरूनच जाते.

रागावलास तरी पत्र लिहून रागाव.
तुझी,
आर्डिथ

---

ड्राय वेल्स
११ ऑक्टोबर

आर्डिथ,

जुनी स्प्रिंग परत बसवून घे. उद्याच जा. कोटातून काढ. तुला चाप ओढता येत नसेल तर ते दुकानात परत कर, पण असं ठेवू नकोस. विसरून जाते असं लिहितेस आणि वर त्याचा आनंद मानतेस! तुला अक्कल आहे की नाही?

झालं की लगेच कळव. जेवण गोड लागत नाही.
मर्ल

---

सॉल्ट फोर्क
१० नोव्हेंबर

ती. मर्लदादास,

नमस्कार लिहायलासुद्धा हात धजत नाही.

तुझं मागचं पत्र आलं तेव्हा मला राग आला. दोन हजार मैलांवर बसून अक्कल काढतो, म्हटलं. पावाच्या डब्यामागे ते खोचून ठेवलं. जाईन सोमवारी, जाईन सोमवारी, करत तीन सोमवार गेले.

गुरुवारी हर्शेल गेला. शनिवारी माती झाली आणि जेवायला सगळे ओपलच्या घरी जमले. आपल्याकडची रीत तुला माहीत आहे. आल्याआल्या सगळ्यांचे कोट मागच्या खोलीतल्या पलंगावर, एकावर एक. मीही माझा टाकला. हॅम होतं, भरलेली अंडी होती, मी मक्याचा पाव केला होता. टॅन्सी पेंगुळली. रोंडा ताटं वाढत होती, म्हणून मीच तिला म्हटलं की दे, मी झोपवते. आपण सगळेच लहानपणी असे कोटांवर झोपलोय. दादा, मी इतर कोट बाजूला सारले आणि तिला ड्वाइटच्या कोटावर निजवलं. लोकर मऊ असते म्हणून. वर दोन पापे घेतले आणि दार लोटून ओपलच्या शेजारी येऊन बसले.

अर्ध्या तासाने पोर उठून बाहेर आली. दोन्ही हातांत ते धरून, सांडू नये म्हणून दुधाचा पेला धरतात तसं. टोचत होतं, हे कुणाचं आहे, असं तिने सगळ्यांना विचारलं.

पाद्रीबाबा जवळ होते, त्यांनी हळूच घेतलं. कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर परवडलं असतं. पंचवीस माणसं माझ्याकडे बघत होती, कारण माझ्याकडे ते आहे हे मीच तर सगळ्यांना कौतुकाने सांगितलं होतं. रोंडाने पोरीला उचललं आणि वेंडलला गाडी काढायला सांगितलं. ओपलच्या नवऱ्याच्या मातीच्या दिवशी मी हे करून ठेवलं. कुणीतरी पुन्हा अंडी फिरवायला सुरुवात केली.

पण खरं सांगायचंय ते पुढेच आहे. रोंडाच्या खांद्यावरून टॅन्सी मला म्हणाली की आत्याआजी, ते टक् वाजलं. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. माझ्या आलं. पाद्रीबाबांकडून ते परत घेऊन घरी आले आणि काडतुसांचं चक्र उघडलं. चार काडतुसांच्या बुडावरची टोपी गुळगुळीत होती. पाचव्यावर खड्डा होता. उथळ, पण होता.

तिने चाप ओढला होता. हलका होता म्हणून तिला ओढता आला. मग मी बंदूकवाल्याकडे गेले आणि दुसऱ्याच कुणाचं म्हणून विचारलं. तो म्हणाला, मऊ स्प्रिंगमुळे कधीकधी घोडा काडतुसावर हवा तेवढा जोरात बसत नाही आणि काडतूस पेटत नाही. कधीकधी, दादा. नळीचं तोंड तेव्हा कुठे होतं ते त्या लेकराला काय ठाऊक असणार?

वेंडल-रोंडाला एवढंच वाटतंय की पोरीने ते उचललं. खड्ड्याचं फक्त मला माहीत आहे, आणि आता तुला. ती तुझी नात आहे, म्हणून तुझ्यापासून लपवलं नाही. त्यांना सांगू का? सांगितलं तर टॅन्सी मला परत दिसायची नाही. नाही सांगितलं तर शनिवारी तिच्यापुढे पॅनकेक ठेवताना मी कुठे बघू? ते काडतूस ओट्यावर ठेवलंय. नजर तिथे जाते आणि मेल्याहून मेल्यासारखं होतं.

काही लिही. शिव्या दे, पण लिही.
आर्डिथ

---

ड्राय वेल्स
१७ नोव्हेंबर

चि. आर्डिथ हिस,
अ. आ.

पत्र तीनदा वाचलं. मग परसात जाऊन उभा राहिलो. तुला शिव्या द्यायला तोंड वर करावं लागेल, आणि ते माझं होत नाही.

माझा उजवा कान दुकानात गेलेला नाही.

वेंडल सहा वर्षांचा होता. माझ्या रिव्हॉल्व्हरचा चाप मी स्वतः कानशीने घासून हलका केला होता, गिऱ्हाइकांना करून दाखवायची हौस. ते मी कोटात ठेवायचो. उकडत होतं म्हणून कोट काढून ट्रकमध्ये दोघांच्या मधे टाकला. मी चालवत होतो, तो उजवीकडे बसलेला. त्याने केव्हा हात घातला कळलं नाही. गोळी माझ्या कानाजवळून छतातून गेली. तुझं पेटलं नाही, माझं पेटलं.

मी त्याला सांगितलं की टायर फुटला. आणि ते खरं वाटावं म्हणून भर उन्हात खाली उतरून चांगला टायर काढला आणि दुसरा बसवला. कानातून रक्त गळत होतं, ते रुमालाने पुसत होतो. छताचं भोक बुजवून रंग दिला. वेंडलच्या आईला, नडीनलासुद्धा, दुकानातल्या आवाजाचं कारण सांगितलं. बिचारी आयुष्यभर माझ्या डाव्या बाजूला बसली आणि तसंच समजून गेली. त्यानंतर दुकान होतं तोवर, चौदा वर्षं, लोकांना सांगत राहिलो, चाप हलका करू नका, कोटात ठेवू नका. का, ते कुणालाच सांगितलं नाही. तुलाही नाही. तुला पहिल्याच पत्रात लिहिलं असतं तर तू ऐकलं असतंस. ही लाज माझी आहे, ती तू एकटीने घेऊ नकोस.

तू रोंडाला सांग. मी नडीनला सांगितलं नाही, आणि त्यानंतर तिने मला भला माणूस म्हटलं की दर वेळी मी उठून परसात जायचो. तू तसं जगू नकोस. माझं मात्र वेंडलला कळू देऊ नकोस. बत्तीस वर्षं झाली, आता कशाला.

तुझ्यावरचा जीव तसूभरही कमी झालेला नाही.
मर्ल

---

सॉल्ट फोर्क
२८ नोव्हेंबर

ती. मर्लदादास,
सा. न. वि. वि.

सांगितलं. रविवारी प्रार्थनेनंतर त्यांच्या घरी गेले आणि काडतूस टेबलावर ठेवलं. रोंडाला कळायला वेळ लागला. मग कळलं. ते उचलून नखाने खड्डा चाचपत बसली. शेवटी म्हणाली की मी हे ठेवून घेते, आणि मी बोलावीन तेव्हाच या. बोलावणार नाही असं नाही म्हणाली, एवढ्यावर मी तग धरून आहे. टॅन्सी खिडकीतून हात हलवत होती. मी हलवला की नाही, आठवत नाही.

काल थँक्सगिव्हिंग झालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्या टेबलावर नव्हते. ओपलने मला बोलावलं. मी तिची माफी मागितली, तर तिने माझ्या ताटात टर्कीची तंगडी वाढली आणि थंड होईल म्हणाली. तिच्यासाठी मी ती सगळी खाल्ली.

जुनी स्प्रिंग बसवून ते दुकानात परत दिलं. ऑफिसला आरशाचं सगळं सांगितलं. मला खुर्चीवर बसवतील म्हणून तोंड मिटून होते, आणि त्यांनी दुसऱ्या दिवसापासून जोडीला एक दांडगी नर्स दिली. एवढं एक वाक्य बोलायला मी सप्टेंबरमध्ये लाजले, आणि त्यापायी हे सगळं झालं.

आता तुझं. मी तुझा शब्द पाळला, अवाक्षर बोलले नाही. पण रविवारी निघताना वेंडल मला गाडीपर्यंत सोडायला आला. गाडीचं दार त्याने उघडून धरलं. मग म्हणाला, आत्या, तू येऊन सांगितलंस हे फार झालं. म्हणाला की एकदा लहानपणी बाबांनी भर उन्हात टायर बदलला, तेव्हा चाकाचे नट मी टोपीत धरून उभा होतो. काढलेला टायर मी पायाने दाबून बघितला. हवा गच्च भरलेली होती.

दादा, त्याला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. बाबा कधीतरी बोलतील म्हणून तो बत्तीस वर्षं थांबलाय. तोच म्हणाला, एवढी वर्षं त्याला वाटतंय की तुझा कान त्याने घालवला, आणि म्हणून तू त्याच्याशी त्यावर बोलत नाहीस.

सोबत एक पाकीट पाठवते आहे. तिकीट लावलंय, वेंडलचा पत्ता घातलाय. आत कोरा कागद आहे.

रागावू नकोस, आणि उशीर करू नकोस.
तुझी,
आर्डिथ