नानांच्या खिशातली सात कोटींची चिठ्ठी

शिरपूर, गुरुवार

तीर्थस्वरूप अक्कास,

धाकट्या जीवरामचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुझे गुडघे, दाजींचा खोकला आणि पहूरची केळीची बाग, तिन्ही ठीक असतील असं धरून चालतो (नसेल तर तसंच कळव, उगाच सगळं छान म्हणून लिहू नकोस). फोनवर हे सांगायला बसलो असतो तर तू मध्येच रडली असतीस, म्हणून पत्र.

आपले नाना हल्ली फार विसरतात. छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेला माणूस, परवा चपला फ्रिजमध्ये ठेवून आले. म्हणून आमच्या हिनं माझा मोबाईल नंबर चिठ्ठीवर लिहून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात घातला. कुठं चुकले तर कुणी फोन तरी करील. पण नानांनी गुपचूप आकड्यांची बेरीज केली, ती निघाली अठ्ठेचाळीस. म्हणजे माझ्या नंबरला तिनानं भाग जातो. असला नंबर त्यांना खिशात नको होता. त्यांनी चिठ्ठी फाडली आणि स्वतःच्या आवडीची संख्या लिहून ठेवली: ७३९३९१३३. हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.

सोमवारी सकाळी नाना घरात नव्हते. स्टँडवर एका कंडक्टरनं सांगितलं, म्हातारेबुवा धुळ्याच्या गाडीत बसले. मी मागच्या गाडीनं निघालो. रस्ताभर प्रत्येक थांब्यावर खिडकीतून डोकं काढून नाना दिसतात का पाहत होतो.

धुळ्याच्या स्टँडबाहेर शेवंताबाई नावाची एक बाई केळी विकते. तिनं नानांना भांबावलेलं पाहून सावलीत बसवलं, पाणी पाजलं, चिठ्ठी काढून फोन लावून पाहिला. लागेना. ती म्हणाली, "बाबा, हाऊ नंबर अपुरा शे."

"अपुरा नाही, बाई," नाना म्हणाले. "उलट यातून अजून काढलं तरी चालतं."

मग त्यांनी तिच्या हातगाडीवर आठ केळी ओळीनं मांडली. एक केळं म्हणजे एक आकडा. सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस ही मूळ संख्या, एक आणि ती स्वतः सोडून कशानंच भाग न जाणारी. उजवीकडचा आकडा काढा, उरते तीही मूळ. आणखी काढा, तीही मूळच. शेवटी ७३, आणि मग नुसता सात, तोही मूळ. तशी हिच्याहून मोठी संख्या दुसरी नाही. (काढलेलं प्रत्येक केळं नाना समोरच्या प्रवाशाला देत होते, त्यामुळे वर्ग चांगला भरला होता.)

मी पोचलो तेव्हा गाडीवर एकच केळं उरलं होतं. नानांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग शेवंताबाईला म्हणाले, "हा माझा धाकटा. नाव आत्ता सापडत नाही, पण माणूस बरोबर आहे."

अक्का, मी स्टँडवर सगळ्यांदेखत रडलो. नानांनी ते उरलेलं केळं सोलून मला दिलं.

तुझा,
जीवराम

ता.क. नाना धुळ्यात कशाला आले होते, हे शेवंताबाईला निघताना विचारलं. म्हणाली, आल्यापासून पहूरची गाडी विचारत होते. पहुरात आपलं तुझ्याशिवाय कोण आहे?

आणखी एक ता.क. तुझ्या मोहिनीच्या लग्नातल्या मानपानावरून तू आणि नाना बोलत नाही, त्याला सहा वर्षं झाली. नाना ते पार विसरलेत. तू ये. आल्यावर "मी कोण, ओळखा" असलं काही करू नकोस. "नाना, मी आले" एवढंच म्हण आणि जवळ बस. (चूक कुणाची होती ते आता मला एकट्यालाच नीट आठवतं, आणि मी सांगणार नाही.)