सहा कडवी आणि एक टॉवेल

ता. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,

पोपटाचा सप्रेम सलाम. वि. वि.

तुझे गुडघे काय म्हणतात? माझे रोज सकाळी बोलतात, मी ऐकत नाही.

गेल्या रविवारी आमच्या मंडळीत बाप्तिस्मा झाला, चार वर्षांनी पहिलाच. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, चाळिशीचा गृहस्थ. घरच्यांना पटलेलं नाही म्हणून एकटाच आला होता. चर्चमागच्या हौदात पाळकसाहेबांनी त्याला बुडवून वर काढलं आणि मी गाणं उचललं. ताई, काय सांगू! सहाच्या सहा कडवी! तिसऱ्या कडव्याला शाळेतला कवितेचा तास आठवला. बाकावर पडलेलं ऊन, टेबलावर ताल धरणारी गुरुजींची बोटं. कविता अर्धी सोडणं म्हणजे पाहुण्याला उंबऱ्यावरून परतवून लावणं, असं ते म्हणायचे. मी डोळे मिटून गायलो. सगळी मंडळी भान विसरली होती.

एक बारीकशी गोष्ट राहिली. टॉवेल घरच्यांनी आणायचा, ही आमची जुनी रीत. त्याचं कोणीच नव्हतं. गाणं संपेपर्यंत तो पायरीवर निथळत उभा राहिला, मग आपल्याच कोरड्या सदऱ्याने डोकं पुसून गेला. आज उपासनेला दिसला नाही. कामाचा रगाडा असेल. पुढच्या महिन्यात बाप्तिस्मा घेणार होती ती शिवणकामवाली बाईही आता जरा थांबते म्हणाली. माणसांच्या मनाचं काही कळत नाही बघ.

तुझ्या पत्राची वाट पाहतो. लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
पोपट

ता. १५ फेब्रुवारी

चि. पोपटास,

अनेक आशीर्वाद, पण ते शेवटी. आधी कान इकडे कर.

पत्र दोनदा वाचलं. गाण्याला दहा ओळी आणि माणसाला बारीकशी गोष्ट! सहा कडव्यांना तुमच्याकडे किती वेळ लागतो, ते मला ठाऊक आहे. तेवढ्यात तांदूळ शिजतात. आणि इतक्या माणसांत एकाचाही हात हलला नाही?

तू बारा वर्षांचा होतास. हौदातून वर आलास तेव्हा दात कडकडत होते तुझे. आई पायरीवर थांबली नाही, नेसत्या साडीनिशी पाण्यात उतरली आणि तुला गुंडाळलं तिने. तेव्हाही गाणं चालू होतं. कुठलं, ते आठवतं का तुला? मला नाही आठवत. टॉवेलची निळी किनार तेवढी आठवते.

त्या माणसाने तुमच्यासाठी आपलं घर दुखवलं. टॉवेल घरच्यांनी आणायचा म्हणतोस, मग त्याच्या घरचे आता कोण रे? तुझे गुरुजी म्हणायचे तो उंबऱ्यावरचा पाहुणा अजून ओलाच उभा आहे, पोपटा. शिवणकामवाली तेच बघून थबकली असणार. जा त्याच्याकडे. कविता घरी ठेवून जा.

आता आशीर्वाद घे. रागावले तरी तुझीच,
ताई

ता. १७ मार्च

ती. ताईस,

कान पिळून घेतलेल्या पोपटाचा सलाम. वि. वि.

तुझं पत्र खिशात घालून गेलो. दुकान म्हणजे एक खोली. जळके डाग पडलेलं कांबळं अंथरलेलं टेबल, भिंतीशी घड्यांची चळत, कोळशाची ऊब. त्याने स्टुलावरचे कपडे उचलले आणि मला बसवलं. माझ्याकडे प्रसंगाला साजेशा ओळी नेहमी तयार असतात, त्या दिवशी एक सुचली नाही. चुकलं आमचं, एवढंच म्हणालो.

त्याने टेबलावरच्या शर्टावर इस्त्री टेकवली. मग म्हणाला, पाण्यातून वर आलो तेव्हा वाटलं होतं, कोणीतरी जवळ येईल. पण सगळ्यांचे डोळे मिटलेले. आणि हसून म्हणाला की, काका, दिवसभर मी गावाचे कपडे कोरडे कडक करतो, नेमकं माझ्याच वेळी कोरडं फडकं मिळू नये! थोरला भाऊ त्याच्याशी बोलत नाही. आई ताट वाढते, पण समोर बसत नाही. हेही त्याने सांगितलं, इस्त्रीवरची नजर न उचलता. मी एका शर्टाची बाही धरून बसलो होतो. ती सोडावीशी वाटेना.

पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर माझी चूक मी बोलून दाखवली. टॉवेल आता मंडळीचा, असं ठरलं. तो मागच्या बाकावर येऊन बसला होता. मग त्याला पुढे कुणी बोलवावं लागलं नाही, पाळकसाहेबांच्या आईच त्याच्याशेजारी जाऊन बसल्या. शिवणकामवाली वळून वळून बघत होती.

काल तिचा बाप्तिस्मा झाला. इस्त्रीवाला टॉवेलांची घडी कवटाळून आला, अजून कोमट होती. मला एक देऊन म्हणाला, काका, तुम्ही त्या बाजूने उतरा. ताई, माझे गुडघे आणि त्या पायऱ्या! पण उतरलो, पोटरीपर्यंत पाण्यात. ती वर आली, आम्ही दोघांनी दोन्हीकडून तिला गुंडाळलं, आणि मागून सगळी मंडळी हौदाभोवती गोळा झाली. कोणी तिचे केस पुसतंय, कोणी चपला पुढे करतंय, कोणी नुसतंच रडतंय. मग कुणीतरी हाक मारली, पोपटकाका, गाणं!

उचललं. पहिलं कडवं कसंबसं झालं. आणि दुसरं मला आठवलंच नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पाय अजून दुखतात. औषध सांगू नकोस, राहू दे थोडे दिवस. तुझा लोभ असू दे, आणि अधूनमधून रागही.

तुझा,
पोपट