कात्री कुठं लावायची

४ फेब्रुवारी, सोमवार

तळपायाची आग मस्तकात गेलीय!

दुपारी पालिकेचं पत्र आलं. तिजोरीत खडखडाट आहे म्हणे. मग दोनच रस्ते — एकतर मध्यम आकाराच्या घरांची घरपट्टी बारा टक्क्यांनी वाढवायची, नाहीतर खर्च कापायचा. काय काय कापायचं त्याची यादी सोबत जोडलेली. चौथ्या नंबरवर आमचं फिजिओथेरपी केंद्र. पुढे कंसात 'कमी प्राधान्य'.

कमी प्राधान्य! ज्याने हे टाइप केलं त्याला एक दिवस उजवा हात पाठीमागे बांधून बटणं लावायला सांगायला हवं.

पंधरा वर्षं मी त्या खोलीत आहे. रोज पंचवीस-सव्वीस माणसं येतात. कोणाचा खांदा, कोणाचा गुडघा, निम्म्यांना अर्धांगवायू. सुतारकाका आठ महिन्यांपूर्वी आले तेव्हा उजवा हात नुसता लोंबत होता. आज त्या हाताने पेन्सिल धरून फळीवर रेघ मारली. वाकडी आली, पण मारली. आत्ता व्यायाम थांबला तर तीन महिन्यांत बोटं आखडतील आणि मग ती उघडणं माझ्याच काय, कोणाच्याच हातात नाही. काकांना मी अजून पत्राचं सांगितलेलं नाही. धीरच झाला नाही.

वीस तारखेला जाहीर सभा. तिथे निकाल लागणार.

६ फेब्रुवारी, बुधवार

आमच्या बिल्डिंगची मीटिंग झाली, खाली पार्किंगमध्ये. पुढारी कोण? आमचे भाऊजी! ह्यांचे सख्खे धाकटे भाऊ, आमच्याच डोक्यावर तिसऱ्या मजल्यावर राहतात. स्टुलावर उभे राहून भाषण. मध्यमवर्ग म्हणजे काय दुभती गाय आहे का, दर वेळी आम्हीच का, वाढ एक पैसाही नको, उधळपट्टी थांबवा. टाळ्या.

मग उधळपट्टी म्हणजे नेमकी कुठली यावर चर्चा. ज्यांची मुलं मोठी झाली ते म्हणाले, बागेतली खेळणी कशाला. एकाने वाचनालय बंद करायला सांगितलं — त्याच्या घरात मी आजवर वर्तमानपत्रसुद्धा पाहिलेलं नाही. तळमजल्यावरच्या बाई म्हणाल्या, रस्त्यावरचे दिवे एकाआड एक लावा, तसाही त्यांचा उजेड माझ्या डोळ्यांवर येतो. ज्याला जे लागत नाही ती उधळपट्टी! आणि केंद्राचं नाव निघालं तेव्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले. भाऊजी म्हणाले, "वहिनी, वैयक्तिक घेऊ नका."

कसं घेऊ मग? सामुदायिक?

७ फेब्रुवारी, गुरुवार

हे म्हणाले, तू झोपेतसुद्धा भांडत होतीस. कोणाशी, विचारलं. म्हणाले, माझ्या अख्ख्या खानदानाशी.

१० फेब्रुवारी, रविवार

इथे तरी खरं लिहावं. वाढ मलाही नकोय. ह्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली, घराचे हप्ते अजून चालू, बिल्डिंगची गच्ची गळते त्याची वर्गणी वेगळीच. आणि टेकडीवरच्या बंगल्यांना त्या वाढीतून सूट! का, तर ते 'विशेष क्षेत्र'. विशेष काय आहे त्यात? पालिकेचे निम्मे सभासद तिथे राहतात एवढंच. चिडायचं तर तिकडे चिडायला हवं. पण टेकडी चढून जाऊन भांडायचा दम कोणात आहे? त्यापेक्षा लुळ्या हाताच्या माणसाची खोली बंद करणं सोपं.

तरीही मी वाढीच्या बाजूने बोलणार. बारा टक्के तर बारा टक्के. पडदे नवे घेणार होते, नाही घेणार. ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, पडद्यांवर पालिका चालणार असेल तर माझी हरकत नाही.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

भाऊजींशी जोरदार वाजलं. जिन्यातच. हातात सह्यांचा कागद घेऊन घरोघर फिरत होते. आमच्या दाराशी आले, सही मागायला. माझी!

मी विचारलं, तीन वर्षांपूर्वी तुमचा गुडघा धरला होता, जिना बसून उतरत होतात, तेव्हा दोन महिने फुकट कुठे येत होतात? तेव्हा नाही वाटली उधळपट्टी? तर म्हणतात, तेव्हाची गोष्ट वेगळी होती. काय वेगळी? गुडघा त्यांचा होता, एवढीच!

जाऊबाई मागे उभ्या होत्या, तोंडाला पदर लावून हसत होत्या. भाऊजी वर गेले. ताडताड गेले, दोन-दोन पायऱ्या चढत. गुडघा मी चांगलाच बरा केलाय.

१८ फेब्रुवारी, सोमवार

सुतारकाकांना आज सांगितलं. शेवटी बाहेरूनच कळण्यापेक्षा बरं. त्यांनी ऐकून घेतलं, मग परत पेन्सिल उचलली आणि म्हणाले, "ताई, मग आज जरा जास्त वेळ घ्या माझा." मी मागच्या खोलीत जाऊन उगाच टॉवेलांच्या घड्या घातल्या. रडले. त्यानंतर जो राग आला तो अजून उतरलेला नाही.

२० फेब्रुवारी, बुधवार

आत्ताच सभेहून आले. घाईघाईत लिहितेय, अक्षर लागेल तसं लागो.

सभागृह गच्च. आधी तासभर भाऊजी आणि त्यांच्यासारखे दहाजण. सगळ्यांचं एकच पालुपद. अध्यक्ष मान डोलवत होते, वाढ टळली तर त्यांच्याही टेकडीला कोण कशाला विचारतंय! माझा नंबर आला. मी लिहून नेलेलं काही वाचलंच नाही. म्हटलं, तुमच्या यादीत चौथ्या नंबरवर आहेत ती माणसं आहेत. त्यांच्या हाताचं, पायाचं, त्यांच्या बायकांचं सांगितलं. टेकडीचंही काढलं. तेव्हा अध्यक्षांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मागून कोणीतरी ओरडलं, बाई, तुमचा पगार त्यातूनच निघतो ना! मी म्हटलं, हो, आणि घरपट्टीही मी त्यातूनच भरते.

मग अध्यक्ष गोड आवाजात म्हणाले, "ताई, केंद्र ठेवतो. घरपट्टीही अर्धीच वाढवतो. पण उरलेलं कुठून काढू ते तुम्हीच सांगा. सांगा, कात्री कुठं लावू?"

सगळं सभागृह माझ्याकडे बघतंय. त्यांना वाटलं, आता ही गप्प बसणार. मी का गप्प बसू? खरी उधळपट्टी मला रोज डोळ्यांनी दिसते. म्हटलं, "माझ्या खिडकीसमोरून रोज सकाळी पावणेदहाला तुमची मोठी बस जाते. आत ड्रायव्हर आणि कंडक्टर. तिसरं माणूस मी पंधरा वर्षांत पाहिलं नाही. रिकामी बस फिरवायला पैसे आहेत, आणि माझ्या पेशंटना नाहीत? ती बंद करा."

टाळ्यांचा कडकडाट झाला! भाऊजींनीसुद्धा वाजवल्या. बसखात्याचा एक माणूस काहीतरी बोलायला उठला होता, त्याला लोकांनी हुर्यो करून खाली बसवलं. बरं केलं. मी बोलत होते तेव्हा कुठे होता?

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

ठराव झाला. केंद्र राहिलं!! घरपट्टी सहा टक्के वाढणार. ती बस एक तारखेपासून बंद. टेकडी अर्थातच जिथल्या तिथे.

सहा टक्क्यांवरून बिल्डिंगमधले चारजण माझ्याशी बोलत नाहीत. फार शांत वाटतंय.

२७ फेब्रुवारी, बुधवार

सुतारकाकांनी खिळा ठोकला. डाव्या हाताने हातोडी, उजव्याच्या चिमटीत खिळा — उजव्याच्या! खिळा दोनदा सुटला, तिसऱ्यांदा बसला. मावशी, आमची मदतनीस, पेशंटना धरून आत आणून बसवते ती, तिने पेढे मिळाल्यासारखं तोंड केलं. काका म्हणाले, पुढच्या महिन्यात करवत. मी म्हटलं, घाई नाही, आता केंद्र कुठे जात नाही.

काकांना सभेचं तिखटमीठ लावून सांगितलं, अध्यक्षांचं तोंड कसं झालं तेवढंच. जिंकल्यावर माणूस फार बोलतो, म्हणून आवरतं घेतलं.

१ मार्च, शुक्रवार

कमाल आहे या लोकांची!

सव्वीसपैकी आज तीनजण आले. तीन! साडेनऊ वाजले, दहा वाजले, मावशी मागच्या दाराशी उभी, मी आत गरम पाण्याच्या पिशव्या भरून बसलेली. कोणाचा निरोप नाही, काही नाही. आले ते तिघेही मुलांच्या गाडीतून आलेले. सुतारकाकासुद्धा नाहीत.

यांच्यासाठी मी घरात, जिन्यात, सभेत भांडले. नातं तोडायची वेळ आली. आणि केंद्र वाचलं तर लगेच यांना दांड्या मारायला सुचलं! फुकट मिळालेल्याची किंमत नसते कोणाला. भाऊजी हेच म्हणतात, आणि आज पहिल्यांदा मला ते पटलं. उद्या फोन करून एकेकाला फैलावर घेणार आहे.

२ मार्च, शनिवार

पहिला फोन सुतारकाकांना केला, चिडूनच. ते म्हणाले, येणार कसे ताई, बसच बंद झाली, काल थांब्यावर गेल्यावर कळलं. सगळ्यांना मागच्या रस्त्याला, केंद्राच्या उताराच्या दाराशी उतरवायची, तिथे पायऱ्या नाहीत ना. मग वळसा घालून पुढच्या रस्त्याने रिकामी डेपोत जायची.

पंधरा वर्षांत मी कोणाला विचारलं नाही, तुम्ही येता कसे.

"कोणी सुचवलं असेल हो हे?" काका म्हणाले. "तुम्ही आमच्यासाठी एवढ्या भांडलात. त्या माणसालाही जरा गाठा ना, ताई."

हो म्हटलं.