दोघींच्या बाटल्या

आई, दुपार आहे. नांदेडच्या दवाखान्यात मुलांच्या वॉर्डाबाहेर बाकावर बसलोय. आत किनवटकडची तीन वर्षांची एक पोरगी निजलेली आहे. हाक मारली, गालाला थापटलं, तरी डोळे उघडत नाही. श्वास चालू आहे. नर्स येऊन तो मोजते, आणि ती काय मोजते ते मला कळतं म्हणूनच बघवत नाही.

तू गेल्यावर जन्मलेली तुझी नात आता चौदा वर्षांची आहे. तिचा आजार इतका विरळा, की नांदेड-लातूर पालथं घालून मला, तिला धरून, अशी आठच मुलं सापडली. चालणं उशिरा, बोलणं जवळपास नाहीच. एका औषधाने फरक पडेल असं वाटतं, पण खरंच पडतो का, ते बघायला चाचणी लागते. मी बारावी नापास, टायपिंगचं दुकान चालवणारा. रद्दीतल्या पुस्तकांवर संख्याशास्त्र शिकलो आणि इथल्या डॉक्टरीणबाईंना त्या चाचणीचा आराखडा बसवून दिला. आठच मुलं, तेव्हा गट पाडून भागत नाही. म्हणून प्रत्येकाने काही आठवडे औषध घ्यायचं आणि काही आठवडे नुसता गोड पाक. आधी काय, नंतर काय, ते आईबापाला माहीत नाही, डॉक्टरला नाही, मलाही नाही. बाटल्या सारख्या, रंग सारखा, चव सारखी. सगळ्यांना एकच टोपणभर द्यायचं. वजनाप्रमाणे औषधाचा जोर बाटलीतच कमीजास्त केलेला, म्हणजे घरी मोजण्यात कुणी चुकायला नको. ही युक्ती माझी. डॉक्टरीणबाईंनी "कुठं शिकलात हो हे?" असं विचारलं, तेव्हा मी फुगलो होतो.

पुस्तकातून शिकलो, असं सांगितलं त्यांना. पण किनवटच्या आश्रमशाळेचं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. तू मोठ्या डेगीतून वगराळ्याने वरण वाढते आहेस, मी पोरांच्या रांगेत आहे, आणि ताट पुढे करून हळूच म्हणतो, "आई, तळातलं घट्ट वाढ की." तू वर बघतही नाहीस. "वगराळ्याला लेकरू नसतंय. चल, हो पुढं." सगळी रांग हसली. मी दोन दिवस तुझ्याशी बोललो नाही.

लांबून तपासणीला येणाऱ्या आया आमच्याकडेच उतरतात. ही पोरगी आणि तिची आई चार दिवसांपासून आमच्या घरी आहेत. आज सकाळी पोरगी उठेना, तेव्हा माझ्या बायकोने सांगितलं. आल्या दिवशीच तिने आणि त्या पोरीच्या आईने आपापल्या लेकीची बाटली एका पातेल्यात ओतली, ढवळली, आणि निम्मी निम्मी परत भरून घेतली.

"काहून केलंस असं? अदलाबदल करायची न्हाई म्हणून सांगितलं होतं ना!"

"आवं, अदलाबदल कुठं केली? एक केलं अन् वाटून घेतलं. एका घरात बसून एकीच्या लेकराला औषध अन् दुसरीच्या तोंडाला साखरपाणी? आमच्या माहेरी, औश्याला न्हाई असं करत कोणी."

किनवटची बाई पोरीला छातीशी धरून म्हणाली, "ताईला बोलू नका, भाऊ. मीबी हाव म्हणले."

कोणत्या बाटलीत काय, ते लिहिलेली दोघींची बंद पाकिटं दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी फोडली. छोटीच्या बाटलीत पाक होता. औषध होतं ते आमच्या बाटलीत, चाळीस किलोच्या पोरीच्या जोराचं. त्यातलं निम्मंही या दहा किलोच्या जिवाला दुप्पट झालं. टोपण जर वेगवेगळं ठेवलं असतं, तर बाया थबकल्या असत्या. बाटल्या सारख्या दिसाव्यात म्हणून मीच जीव आटवला. त्या सारख्याच आहेत असं त्यांना वाटलं, यात त्यांचं काय चुकलं?

चाचणीवर देखरेख ठेवणाऱ्या समितीला आजच कळवायचं आहे, चाचणी बंद पडेल. त्याचीही भीती आहे, पण आत निजली आहे तिच्यापुढे ती काहीच नाही. रात्रीपर्यंत बघू, एवढंच डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बायको आत त्या पोरीचे तळपाय चोळत बसली आहे. मघाशी दारात आली. "पाय गरम लागून राहिले आता," म्हणाली. मग हळूच, "आपल्या बाटलीत काय होतं वो?"

"अजून कळलं न्हाई," मी म्हणालो. ती पुन्हा आत गेली. हे तिला कधी आणि कोणत्या तोंडाने सांगू, मला सुचत नाही.

तुला हे पोचणार नाही म्हणूनच लिहितो. पाकीट फुटलं तेव्हा आतल्या पोरीचा विचार मागून आला, आई. आधी मनात आलं ते हे, की चार दिवस माझ्या लेकीचं निम्मं औषध दुसरीच्या पोटात गेलं.