अक्काचे श्वास

१८ ऑक्टोबर १९५६
सकाळी नऊ. अक्काला मॉर्फिन, पाव ग्रेन. कॅन्सरची गाठ आता मणक्यात. श्वा. मिनिटाला १४. ठीक.
"इंदे, अजून थोडं टोच ना. डॉक्टरीण बहीण मग काय कामाची?"
नाही म्हटलं. सख्खी आहे, म्हणून तर नाही.

२० ऑक्टो.
सवय होते आहे. चार तासांऐवजी दोनच तास दुखणं दबतं. डोस वाढवला. श्वा. ११.
औषध शरीरात ठरावीक जागीच जाऊन बसतं, एवढं कॉलेजात शिकले. मग दुखणं दबवणारी जागा आणि श्वास मंदावणारी जागा एकच, की दोन? दोन असतील तर फक्त पहिलीत बसणारं औषध कोणीतरी काढेलच. तेव्हा सरांना विचारलं होतं. "बाई, आधी परीक्षा पास व्हा." वर्ग हसला. अजून राग येतो.

२१ ऑक्टो.
इंदूरहून मागवलेला मॉर्फिनवरचा उतारा बसने आला. देवास गेटच्या स्टँडवर स्वतः जाऊन घेतला. नवं औषध, दोनच कुप्या. श्वास फारच मंदावला तर.

२३ ऑक्टो.
दुपारी गेले तर श्वा. ५. ओठ निळे, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. डोस तर कालचाच! उतारा शिरेत दिला. थोड्या वेळात श्वा. १४. आणि किंचाळली. पाच बाळंतपणांत जिने हूं की चूं केलं नाही, ती.
"कशाला आणलंस परत?"
श्वास आला तो दुखण्याचा हात धरूनच आला. म्हणजे जागा एकच? की...

२४ ऑक्टो.
भाऊजींनी कबूल केलं. माझ्या सुईनंतर ते तिला अफू पाण्यात घोळून पाजत होते.
"मी रोज विचारत होते, आणखी काही दिलं का!"
"अफू काय दवा आहे, इंदू? इथे दात येणाऱ्या पोराला देतात, पाहुण्याला मानाने तळहातावर देतात." मग खाली बघून, "तू टोचून निघून जातेस. रडणं मला ऐकावं लागतं."
तीस वर्षं माळव्यात दवाखाना, आणि अफूचं नाव घेऊन मी विचारलं नाही. चूक माझी.

२८ ऑक्टो.
अफू बंद. दुखणं वाढलं. ती किंचाळी कानातून जात नाही. राम घाटावर जाऊन बसले, तर समोरच्या गुरुजींचे श्वास मोजत होते. सोळा.

१ नोव्हेंबर
आजपासून मध्य भारत नाही, मध्य प्रदेश. दवाखान्यात शिक्के बदलायची धांदल. अर्धवट सोडून अक्काकडे आले. पूर्ण शुद्धीत होती.
"सुई कितीही मोठी दे. ती दुसरी, उताऱ्याची, मात्र नको. वचन दे."
"अक्का, श्वास थांबेल."
"थांबू दे. त्या दिवशी थांबत आला होता, बरं वाटत होतं गं. परत येणं वाईट."
हो म्हटलं.
डोस वाढवून दिला. किती दिवसांनी कपाळावरची आठी गेली. श्वा. ८.
भाऊजी उशाशी. अफूला हात लावलेला नाही, शपथ घेऊन सांगतात. आमचं बोलणं त्यांना ठाऊक नाही.
"इंदू, दुसरी कुपी आहे ना?"
"आहे."
"काढून ठेव, बाई. इतक्यात नको जाऊ देऊस तिला."
काढली. पिचकारी उकळत ठेवली आहे. श्वा. ७.