सोडायच्या मागण्या

३ जून
कर्मचारी संघटनेचा सरचिटणीस म्हणून ही माझी चौथी टर्म. लढ्याचा इतिहास कुणीतरी लिहायलाच हवा, म्हणून ही वही. कुणाला दाखवायची नाही. डावपेच फुटतात.
खरी मागणी एकच : रेकॉर्ड रूममधल्या बाईंना कायम करा. चौदा वर्षं कंत्राटावर. दर अकरा महिन्यांनी एक दिवस घरी बसवतात, मग पुन्हा नेमतात. यंदा ३० जूनला कंत्राट संपलं की काम एजन्सीला. बाईंना म्हटलं, मी असताना काळजी नको. त्या म्हणाल्या, तुम्ही आहात म्हणूनच काळजी वाटते, भाऊ. चेष्टेखोर आहेत.

७ जून
डावपेच ठरला. एकच मागणी नेली तर साहेब एकदाच नाही म्हणून मान हलवतील. म्हणून सोबत दहा फालतू : गादीच्या खुर्च्या, थंड पाण्याचं मशीन, जिन्यात आरसा वगैरे. त्या एकेक करत सोडायच्या आणि शेवटी खरी पदरात पाडून घ्यायची.
खजिनदाराने विचारलं, साहेबांनी फालतूच मान्य केल्या तर? हा माणूस संघटनेत आला कशाला, कळत नाही.
घरी हिला सांगितलं. म्हणाली, बाजारात पाठवलं की पिशवी फुकट मिळाली म्हणून नाचत येता, आतले कांदे सडके. कांद्याचा इथे काय संबंध?

१२ जून
वाचलं : वाटाघाटीत जो आधी बोलतो तो हरतो. मौनाचा सराव सुरू. हिने दोनदा विचारलं, चहा हवा का? मी नुसतं रोखून बघितलं. चहा मिळाला नाही. पण तत्त्व सिद्ध झालं.

१८ जून, दुपार
ऐतिहासिक बैठक!
साहेबांनी पहिल्याच, बाईंच्या मागणीला हात घातला. हा धोरणाचा प्रश्न, तूर्त बाजूला ठेवू, तुमचं काही म्हणणं? मी मौन. डोळ्याला डोळा. पूर्ण दोन मिनिटं. साहेब पाणी प्यायले, म्हणजे घाबरलेच. मग बाकीच्या दहाही पाऊण तासात मान्य. सोडायला एकही हाती लागेना! आरसा तरी सोडतो म्हटलं, तर साहेब म्हणाले, असू द्या हो, घ्या. टिपणावर तिथेच सही केली. खजिनदाराने टेबलाखालून लाथ मारली. आनंदाने असावी.

२० जून
बैठकीच्या टिपणाची प्रत आली. मागणी क्रमांक एक : विषय बंद, संघटनेची हरकत नाही. टायपिस्टचा घोळ, दुसरं काय! कडक पत्र लिहायला घेतलं. खजिनदार म्हणाला, खाली सही कुणाची ते बघा आधी. बघितली. वळणदार आहे.

२४ जून
साहेब दौऱ्यावर. पत्राचा मसुदा चौथ्यांदा सुधारला. आता 'तीव्र' ऐवजी 'नम्र' आहे. डावपेच.
बाई जिन्यात भेटल्या. माझं काय झालं, भाऊ? म्हटलं, अकरापैकी दहा मिळाल्या, नव्वद टक्के विजय! त्या नव्या लागलेल्या आरशाकडे बघत म्हणाल्या, म्हणजे उरलेले दहा टक्के मीच की.
हिशेबाला पक्क्या आहेत.

२९ जून
पत्र उद्या नक्की. मागच्या कराराची फाईल जोडायची आहे. दोन तास कपाटं उपसली. सापडली नाही.

३० जून, संध्याकाळ
फाईल बाईंनी अर्ध्या मिनिटात काढून दिली. तिसरं कपाट, खालचा कप्पा. म्हणाल्या, लक्षात ठेवा, उद्या मी नाही.
पत्र द्यायला गेलो. साहेब रजेवर.
परत आलो तर गादीच्या खुर्च्या आलेल्या. माझी बाईंनीच दोन जिने चढवून आणली, फडक्याने पुसली, रेकॉर्ड रूमच्या चाव्यांचा जुडगा टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, बसून बघा, भाऊ.
मौन पाळलं. या वेळी सराव लागला नाही.
बसलो.