बाबाच्या मयतीचा व्हिडिओ

१२ मार्च, तिरुपूर
कारखान्यात बनियनच्या शिलाईवर होतो. अकोल्याहून आत्याचा फोन. नुसती रडते. "तुह्याविनाच नेलं रे माह्या दादाले!" मशीन चालूच राह्यली, बनियनचा गळाच बंद शिवल्या गेला. घरी फोन लावला. उचलला बाबानं. म्हणे, "बोल."
मेलेला माणूस म्हणते बोल.
आत्यानं मोबाइलवर काय पाह्यलं ते मंग समजलं. गावातला माहा दोस्त निल्या, त्याच्या बँडचा नवा व्हिडिओ. त्यात बाबाची मयत. शूटिंग आमच्याच गावात, भातकुलीजवळ. मले कोणी सांगतलंही नाही.

१३ मार्च
पाह्यला. किळस आली. बाबा तिरडीवर, नाकात कापूस. सरणाले मायच्याच गोवऱ्या. बाजूले ड्रम. निल्या गिटार घेऊन सरणाभोवती फिरते अन् बोंबलते. टँकरचा पाऊस, मशीनचा धूर. अमरावतीत मोबाइलच्या दुकानात बसून आमी दोघं विलायती बँडचे व्हिडिओ पाहो, मालक हाकलेपर्यंत. इतके मोठे मोठे बँड पाहून हा बह्याड शिकला काय, तं धूर.
गाण्यातला ठोकाही माहाच. आमच्या गोठ्याच्या टिनावर बसवला होता मी. तोही ढापला.
पण सगळ्यात वाईट ते मडकं. विस्तवाचं मडकं धरून तिरडीच्या पुढं निल्या. ते माहं काम होय.
खाली लोक लिहितात, काय फील आहे भाऊ. थू.

१५ मार्च
निल्याले फोन.
"लाज हाय का बे?"
"अबे, काकाच म्हणले मी झोपतो. आमी तं गवताचा पुतळा बांधून राह्यलो होतो."
"मडकं काहून धरलं तू?"
"मंग कोणी धरावं? तू तं तिकडं."
फोन आपटला.

१६ मार्च
बाबाले विचारलं. हासून राह्यले. म्हणे, खांदा द्याले रांग लागली होती, मंग सगळ्यायसंग पोहे खाल्ले. मंग म्हणे, "मले पाहाचं होतं, कोण कोण येते. गाव आलं. तूच नव्हता."
"मले सांगतलं कोणी?"
"सांगतलं असतं तं आला असता?"
मागची दिवाळी, त्याच्या आधीची, दोन्ही तिरुपुरातच काढल्या.

१८ मार्च
खोलीतले ओडिशाचे पोट्टे तोच व्हिडिओ लावून नाचतात. मी पाहत होतो तवाच त्यायनं पाह्यला. तो माहा बाप होय, हे सांगतलं नाही.

२१ मार्च
निल्या दुसरा भाग काढते. त्यात पोरगा बापासाठी डोस्कं भादरते. निल्या आपले पाठीवर सोडलेले लांब केस कापत नाही, बँड त्या केसावर चालते म्हणे. "तू ये ना बे. तुहं तोंड काकासारखंच हाय, खरं वाटीन."
बाप जिता असताना मी डोस्कं भादरू! तोंडाले येतीन त्या शिव्या दिल्या.
घरी फोन केला तं माय म्हणे, "भादरलं तं घरात पाय ठेवजो नको." मागून बाबा, "तू ये तं सही. केसाचं मंग पाहू."
मी कोणाले पाह्यजे? बाबाले का व्हिडिओले?

२४ मार्च
सुटी मागतली. सुपरवायझर विचारते, घर में कोई मर गया क्या? खिशात व्हिडिओ. दाखवला असता तं उभ्या उभ्या सुटी भेटली असती. नाही म्हणलो. तो म्हणे, देखेंगे.
तोंड कडू झालं दिवसभर.

२५ मार्च
जेवताना आवाज बंद करून पाह्यला. निल्याले अंगठ्यानं झाकलं. तवा दिसलं. तिरडीवर बाबाच्या पायाचा अंगठा हालते. आवाज नसला तरी मले कळते, बरोबर ठोक्यावर. मयत ताल धरते अन् कोणाच्या ध्यानात नाही. हासलो.
फोन लावला. "अंगठा काहून हालवला बाबा?"
"तो ठोका तुहा होता ना बे," बाबा म्हणे. "राह्यवलं नाही."
बॅग खाटेखालून काढून ठेवली. सुटीचं अजून काही पक्कं नाही. डोस्क्याले तं कोणाले हात लावू देणार नाही. मडकं पुन्हा धराचं असन, तं मीच धरीन.